साताऱ्याहून महाबळेश्वरला कुत्र्याला कारने न्यायचंय, पण घाटात ओकतो. काय काळजी घ्यावी?

वाईवरून जा की मेढा-केळघरवरून, घाट काही चुकत नाही. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका. पाणी थोडं थोडं चालेल. वळणं सावकाश घ्या, मागची काच दोन बोटं उघडी ठेवा. डोकं मात्र बाहेर काढू देऊ नका, फोटो कितीही छान येवोत! मागच्या सीटवर हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घालून सीटबेल्टला अडकवा. गळपट्ट्याला बांधलंत तर जोरात ब्रेक लागल्यावर मानेला हिसका बसतो. पुढे एअरबॅग असते, तिथे मांडीवर तर नकोच. माणसांची उलटीची गोळी परस्पर देऊ नका, आधी व्हेटला विचारा. पाचगणीत स्ट्रॉबेरी खायला उतरलात तर त्यालाही उतरवा; बाहेर ३० अंश असले तरी उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात ४५ च्या वर तापते.