सॅनिटायझर नको, खिडकी मागा

प्रश्न : आमची चार मजल्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, तिथे बावीस मजली टॉवर होणार. बिल्डर म्हणतो लॉबीत सॅनिटायझर मशीन, टचलेस लिफ्ट आणि एक आयसोलेशन रूम देतो, पुन्हा कोविडसारखं काही आलं तरी टेन्शन नाही. यावर कितपत विश्वास ठेवायचा?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मशीन सहा महिन्यांत बंद पडतं आणि आयसोलेशन रूममध्ये सोसायटीच्या तुटक्या खुर्च्या जातात, ते सोडा. तुम्ही नकाशा मागून घ्या आणि बघा शेजारची बिल्डिंग किती लांब आहे आणि फ्लॅटबाहेरच्या पॅसेजला खिडकी आहे का.

साथ आली की मोकळी हवा शोधायची, हे मुंबईत जुनंच आहे. १८९६ ला मुंबईतल्या मांडवीत प्लेग आला, मग १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था निघाली, तिने दाट वस्ती फोडून प्रिन्सेस स्ट्रीट काढला, का तर समुद्राचा वारा आत यावा, आणि तिकडे दादर-माटुंग्याला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आखली. (पाडली तेवढी घरं गरिबांना परत मिळाली नाहीत, तो भाग वेगळा.) गंमत म्हणजे प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, वाऱ्याने त्याचं काय वाकडं होणार! पण त्या नादात ६३.५ अंशांचा नियम आला, तो मात्र कामाचा. सोप्या भाषेत, समोरची बिल्डिंग जेवढी उंच त्याच्या निम्मं अंतर मोकळं सोडा. तुमचे बावीस मजले म्हणजे धरा ६६ मीटर, तर ३३ मीटर सोडायला हवेत. आजच्या मुंबईत एवढं कोण सोडतंय.

आणि न सोडल्यावर काय होतं ते गोवंडी-मानखुर्दला बघा. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगांमध्ये जेमतेम ३ मीटरचं अंतर आहे, २०१८ ला आलेल्या पाहणीत तिथे खालच्या मजल्यांवर टीबी जास्त सापडला, कारण ऊन-वारा खालपर्यंत पोचतच नाही. कोविडही हवेतूनच पसरायचा ना.

आत्ताच्या घरात एक करून बघा, दाराबाहेर उदबत्ती लावा. तुमच्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्याला जाळी असेल तर धूर दोन मिनिटांत बाहेर जाईल. नव्या टॉवरमध्ये मधे लिफ्ट, भोवती सहा-आठ फ्लॅटची दारं आणि चारही बाजूंनी भिंत, तिथे कोणी खोकलं की ते सगळ्यांच्या वाट्याला. त्यामुळे पॅसेजचं एक टोक तरी उघडं मागा, चाळीच्या गॅलरीसारखं, आणि ते करारात लिहून घ्या. बिल्डर म्हणेल एक्झॉस्ट फॅन लावून देतो. मग विचारा, लाइटबिल कोण भरणार?