उत्तर घानातल्या बायकांचं शिया बटर परदेशात विकायला मदत करायची आहे. पुण्यात बसून काय करता येईल?

वेबसाइट काढायचं मनात असेल तर ते सध्या राहू द्या.

तुम्ही लिहिलंय की मावसबहीण घानाच्या राजधानीत, अक्रात नोकरीला आहे, तिच्या ओळखीतला उत्तरेतल्या तमालेजवळचा पन्नासेक बायकांचा गट शिया बटर (शियाच्या झाडाच्या बियांतून निघणारं घट्ट तेल) करतो आणि त्यांना बाहेरचा बाजार मिळवून द्यायचा आहे. मी साबण-क्रीमच्या लहान कारखान्यांना तेलं आणि बटरं पुरवतो, त्यात पश्चिम आफ्रिकेचा मालही असतो. गिऱ्हाईक शोधणं त्या मानाने सोपं असतं. गाडी अडते ती त्याच गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या ऑर्डरला.

आधी कुठल्या बाजारात उतरायचं ते ठरवा. जगातला बहुतेक शिया क्रीममध्ये जातच नाही, चॉकलेट आणि मिठाईत जातो. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय सहाच वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ चालतात, तेही 5 टक्क्यांपर्यंत. त्या सहांत शिया आहे. (आपलं कोकमही आहे. कोकणातल्या किती जणांना हे माहीत असेल कोण जाणे.) पण या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या बिया विकत घेतात आणि तेल यंत्राने काढतात, बायकांनी हाताने काढलेलं बटर त्यांना नको असतं. त्यामुळे तुमच्या गटाचा बाजार म्हणजे सौंदर्यप्रसाधनं. तो लहान आहे आणि नाक फार तिखट असलेला आहे.

नाक मी अक्षरशः म्हणतोय. आमच्याकडचे एक साबणवाले खोका उघडला की नखाएवढा गोळा मनगटावर चोळतात, हुंगतात आणि दोनच शब्द बोलतात: "धूर लागलाय." संपलं. लॅबचा कागद ते नंतर वाचतात. हा धूर बिया भाजताना लागतो, कधी पावसात बिया सुकेनात म्हणून चुलीवर धरल्या की लागतो. युरोपातली लॅब त्याच धुरातली घातक संयुगं मोजते आणि माल परत पाठवते. दुसरा आकडा मुक्त मेदाम्लांचा, म्हणजे तेल किती खराब झालंय त्याचा. गोळा केलेली फळं चार दिवस ढिगात पडून राहिली, बियांना कोंब फुटायला लागला की तो आकडा चढतो, मग पुढे कितीही निगुतीने बटर काढा, उतरत नाही. म्हणजे दर्जा ठरतो तो बिया उकळून वाळवण्याच्या वेळी. लगदा पाणी घालून हाताने फेटायची वेळ नंतर येते, आणि फोटो मात्र सगळे तेव्हाचेच काढतात.

आता पैशाचं. शियाची फळं साधारण मे ते ऑगस्ट पडतात. बायका पहाटे रानात जातात, गवतात साप असतात, डोक्यावर टोपली घेऊन परततात. नेमके हेच महिने उत्तर घानात घरातलं धान्य संपत आल्याचे असतात. शेतातलं पीक अजून उभं, हातात दमडी नाही. मग व्यापारी दारात येतो आणि बिया पडेल भावात उचलतो. पुढे भाव चढतो तेव्हा विकायला त्यांच्याकडे काही उरलेलं नसतं, आणि गटाला बटरची ऑर्डर आली तर त्याच बिया महाग भावाने परत घ्याव्या लागतात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथे आहे. म्हणून मदतच करायची असेल तर एप्रिलमध्ये उचल द्या किंवा देणारा शोधा. प्रशिक्षण शिबिरांना पैसा मिळतो, उचलीला मिळत नाही; मला तरी हे उफराटं वाटतं. आणि माल पोचल्यावर 90 दिवसांनी पैसे देणारा परदेशी खरेदीदार कितीही नावाजलेला असो, पन्नास बायकांच्या गटाला तो परवडणारा नाही.

प्रमाणाचाही हिशोब करा. वीस फुटी कंटेनरमध्ये खोक्यांतलं बटर साधारण 17-18 टन बसतं. हाताने काढताना 3 किलो सोललेल्या सुक्या बियांतून जेमतेम 1 किलो निघतं, म्हणजे एका कंटेनरला पन्नासच्या वर टन बिया. एकट्या गटाचं हे काम नाही. तीन-चार गट एकत्र आणा, नाहीतर दुसऱ्यांच्या मालाबरोबर अर्धवट कंटेनरने पाठवा; मग किलोमागे भाडं जास्त पडेल, ते किमतीत धरा. तमालेहून तेमा बंदर सहाशेहून जास्त किलोमीटर, तेही उन्हातून. बटर वितळून खोक्यातून पाझरतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी हवीच.

सेंद्रिय प्रमाणपत्राचा मोह सध्या टाळा. युरोपच्या नव्या नियमात एका गटात जास्तीत जास्त 2000 सभासद आणि गटाला स्वतःची कायदेशीर नोंदणी लागते. नोंदणी आधी करून ठेवा, ती तशीही लागेलच.

योजना म्हणाल तर जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा 'शीट्रेड्स' हा उपक्रम 2015 पासून महिला उद्योजकांसाठी आहे, तिथे नाव घाला. शिया उद्योगाची 'ग्लोबल शिया अलायन्स' अक्रातच आहे, मावसबहिणीने एकदा जाऊन यावं. आफ्रिकी मालाला आयात शुल्क माफ करणाऱ्या अमेरिकेच्या 'अगोआ' कायद्याची सवलत मात्र किमतीत धरू नका. 2015 मध्ये दहा वर्षांसाठी वाढवलेली त्याची मुदत सप्टेंबर 2025 पर्यंतच होती, आणि अशी सवलत दर वेळी तिथल्या संसदेच्या मर्जीवर असते. भारतात आणायचं तर तुम्हाला आयात-निर्यात कोड काढावा लागेल. अतिअविकसित देशांना भारत 2008 पासून आयात शुल्कात सवलत देतो, पण घाना त्यात बसत नाही, शेजारचा बुर्किना फासो बसतो. सीमेपलीकडचे गट जोडून घेणार असाल तर मालाचा एचएस कोड (कस्टम्समधला वर्गीकरणाचा क्रमांक) सवलतीत येतो का, ते सीएचएकडून, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून, आधी तपासून घ्या.

एकाच खरेदीदारावर सगळं टाकू नका. तमालेच्याच तुंगतेया महिला संघटनेकडून द बॉडी शॉप ही सौंदर्यप्रसाधनांची ब्रिटिश कंपनी 1990 च्या दशकापासून शिया घेत आली, दोघांचंही नाव झालं. पण 2024 च्या फेब्रुवारीत त्या कंपनीचा ब्रिटनमधला कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. इतका जुना खरेदीदारही असा डगमगू शकतो. निम्मा माल एकाला, उरलेला दोघा-तिघांना, त्यातला एखादा अक्रातलाच साबणवाला असला तर उत्तमच. तिथे पैसे लवकर हातात येतात आणि कस्टम्सची भानगड नाही.

मावसबहिणीला एवढंच सांगा: तीन वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या बटरचे अर्धा-अर्धा किलोचे नमुने घे, प्रत्येकावर तारीख आणि बिया कुठल्या गावच्या ते लिही, आणि अक्रात घाना स्टँडर्ड्स अथॉरिटीकडे मुक्त मेदाम्लं, पेरॉक्साइड (तेल किती खवट झालंय त्याचा आकडा) आणि ओलावा तपासून घे. तिन्ही रिपोर्ट जवळपास सारखे आले तर मला मेसेज करा, दोन कारखान्यांत मी स्वतः नमुने नेऊन दाखवतो. फार फरक आला तर आधी बिया कोण, कधी आणि कशा वाळवतं ते बघायला तिला गावात पाठवा.