वेबसॉकेटसाठी चार पोर्ट उघडण्याआधी

वेबसॉकेट म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन. त्यासाठी चॅटला एक पोर्ट (सर्व्हरवरचा नंबर दिलेला दरवाजा), नोटिफिकेशनला दुसरा, असं मनात असेल तर थांब जरा. काम वेगळं म्हणून पोर्ट वेगळा लागत नाही. हँडशेक, म्हणजे कनेक्शन जोडतानाची पहिली विनंती, ही साधी एचटीटीपी गेट रिक्वेस्टच असते. तिच्यातला पाथ (पत्त्यातला /chat सारखा भाग) बघून कनेक्शन कुणाकडे द्यायचं ते एकाच पोर्टवर ठरवता येतं.

वेगळे पोर्ट खरे कामाला येतात ते अनेक प्रोसेस चालवताना. नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसची) प्रोसेस तुझा कोड मुळात एकाच थ्रेडवर चालवते, मग चार कोअर असतील तर ८००१ ते ८००४ वर चार प्रोसेस लाव. पोर्ट नंबर कोडमध्ये कोंबू नकोस, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोसेस सुरू करताना बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून घे. नाहीतर दुसरी प्रोसेस सुरू होतानाच 'पोर्ट वापरात आहे' म्हणून मान टाकेल. हे सगळे १२७.०.०.१ वरच, म्हणजे त्याच मशीनच्या आतच ठेव. बाहेर फक्त ४४३ (एचटीटीपीएसचा नेहमीचा पोर्ट), त्यावर एनजिनएक्स, म्हणजे बाहेरून आलेली कनेक्शनं आतल्या प्रोसेसकडे पोचवणारा वेब सर्व्हर. कितीतरी ऑफिसांच्या फायरवॉल भलते पोर्ट अडवतात.

एनजिनएक्समध्ये हमखास अडकतं ते इथे: अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर तो आपणहून पुढे पाठवत नाही, हाताने लिहावे लागतात. शिवाय ६० सेकंद सर्व्हरकडून काही आलं नाही की कनेक्शन तोडतो. टाइमआउट वाढवत बसण्यापेक्षा सर्व्हरकडून दर ३० सेकंदांनी पिंग (उत्तर मागणारा छोटा 'आहेस का?' संदेश) पाठव. मेलेले क्लायंटही त्यातच कळतात.

आता खरी मेख. ८००१ वरच्याचा मेसेज ८००३ वरच्याला आपोआप जात नाही, कारण प्रत्येक प्रोसेसला फक्त स्वतःची कनेक्शनं माहीत. मध्ये रेडिसचं (मेमरीतल्या डेटाबेसचं) पब-सब घाल, म्हणजे एका प्रोसेसने टाकलेला मेसेज बाकी सगळ्यांनाही मिळतो. 'काहींनाच मेसेज मिळतात' अशी तक्रार आली तर आधी हेच तपास.