कॅनडातल्या अल्गोनक्विन पार्कला मूस (हरणाच्या कुळातलं सगळ्यात मोठं जनावर) बघायला कधी जावं आणि फोटोसाठी कुठली लेन्स घ्यावी?

लेन्सचं शेवटी सांगतो, कारण प्रश्न वाचला आणि २०१९ ची ती सकाळ आठवून परत डोकं तापलं.

मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य, पार्कमधून जाणारा हायवे ६०. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फाबरोबर वाहून कडेच्या चरात साचतं, आणि हिवाळाभर काटक्या चघळून मिठाला वखवखलेले मूस ते खारट पाणी प्यायला येतात. पहाटेच. टोरांटोहून आरामात नाश्ता करून निघालात तर झाडं बघून याल. म्हणून आम्ही आदल्या रात्री हंट्सव्हिलला मुक्काम केला होता, सोबत साडूभाऊ.

सकाळी पावणेसहाला चरात मादी उभी. घोड्यापेक्षा उंच, अंगावरचे हिवाळ्यातले केस झडून चट्टे पडलेले, मान वर केली की ओठातून पाण्याची धार. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद, काच खाली, काचेवर बायकोने शिवून दिलेली तांदळाची पिशवी आणि त्यावर कॅमेरा. आता फक्त तिने मान वर करायची वाट बघायची, एवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. "अरे जवळून घेऊ, मोबाईलमध्ये मस्त येतो!" मी दबक्या आवाजात "अहो बसा, बसा हो" म्हणतोय आणि हे पंधरा पावलं पुढे. तिचे कान मागे गेले, मानेवरचे केस उभे राहिले, तेवढ्यात झुडपातून तांबूस पिल्लू डोकावलं. संपलं. ती चार ढांगा ह्यांच्या अंगावर आली, हे गाडीमागे, आणि मायलेकरं जंगलात.

मोबाईलवर काय आलं तर तिचं ढुंगण, तेही हललेलं. तोच फोटो आजतागायत त्यांचा डीपी आहे, आणि प्रत्येक गणपतीत जेवायला बसलं की "मूस अंगावर आला, पण मी जागचा हललो नाही" सुरू.

तर सांगायचं हे की गाडीतून उतरू नका. मोबाईलवाले "जवळ गेलं की झालं" म्हणतात त्यांना घरी ठेवा. लेन्स १००-४०० मिमी झूम पुरते, भाड्याने मिळते. काळं जनावर बघून कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो आणि मागचं सगळं पांढरं पडतं, म्हणून एक्सपोजर (फोटोचा उजेड) थोडं मायनसमध्ये ठेवा. शिंगंवाला नर हवा असेल तर सप्टेंबरअखेर जा, पण तेव्हा तो माजावर असतो, अजून लांब राहा. अंधारात गाडी हळू, काळं धूड समोर येईपर्यंत दिसत नाही. आणि जूनमध्ये ब्लॅकफ्लाय, म्हणजे चावऱ्या बारीक माश्या, फोडून खातात, डोक्यावर जाळी घ्या. मी एकूण चारदाच गेलोय, त्यातलं दोनदा काहीच दिसलं नाही, हेही सांगून ठेवतो.

आणि हो, मूस अंगावर आला तर पळायचंच असतं, झाडामागे नाहीतर गाडीमागे, अस्वलासारखं थांबायचं नाही. म्हणजे साडूभाऊ पळाले ते अगदी बरोबर केलं. पण मग पळालो म्हणा की! माझ्याकडे त्या सकाळचा एकच फोटो आहे, त्यात मूस नाहीच, चराच्या कडेला त्यांची डाव्या पायाची चप्पल आहे.