अमेरिकन कंपनीचं काम घरून करताय? आधी एवढं बघा

अभिनंदन! महागडी खुर्ची, दुसरा मॉनिटर वगैरे सावकाश होईल. आधी करारपत्र नीट वाचा. त्यात 'इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर' लिहिलं असेल, तर तुम्ही त्यांचे नोकरदार नाही. पीएफ नाही, बहुतेक भरपगारी रजाही नाही, आणि इथला टीडीएसही (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर) कापला जाणार नाही. नवखे हमखास इथेच फसतात. खात्यात आलेले सगळे पैसे आपलेच समजून मोकळे होतात आणि मार्चमध्ये डोळे पांढरे होतात. वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होणार असेल, तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी कर, भरावा लागतो. पहिला हप्ता १५ जूनचा. दर महिन्याला थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका, आणि सीए आत्ताच गाठा. जीएसटीचं तो बघेल, तुम्ही एवढ्यात त्यात डोकं घालू नका.

बाकी:

- न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मात्र साडेसात. घड्याळ तिकडे बदलतं, पहिली मीटिंग चुकते आपली.
- इन्व्हर्टरवर राउटरही जोडा. मोबाइलचं सिम घरच्या इंटरनेटपेक्षा दुसऱ्या कंपनीचं ठेवा.
- घरच्यांना वेळ सांगून ठेवा. तरी "घरीच आहेस ना, जरा दळण आण" हे ऐन मीटिंगमध्ये ऐकू येणारच. म्यूटचं बटण हाताशी असू द्या.