‘हाकेच्या अंतरावर’ला इंग्रजीत काय म्हणावे?

‘शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे’ हे इंग्रजीत सांगताना ‘विदिन इअरशॉट’ म्हणावे की ‘अ स्टोन्स थ्रो अवे’, असे आपण विचारले आहे. हाक आणि कान यांचे नाते पाहता पहिला पर्याय योग्य वाटतो, परंतु येथे दुसराच वापरावा. मराठीतली हाक या वाक्यात केवळ अंतराचे माप उरली आहे. शाळेच्या फाटकातून मारलेली हाक घरात खरोखर ऐकू येते, असे सांगण्याचा त्यात हेतू नसतो. ‘इअरशॉट’मधला कान मात्र अजून जागा आहे. बाणाच्या टप्प्याला इंग्रजीत पूर्वीपासून जो ‘बोशॉट’ हा शब्द होता, त्याच्या धर्तीवर हा शब्द घडला, आणि बोललेले कुणाला ऐकू जाते की नाही याला महत्त्व असेल तिथेच तो शोभतो. ‘मुले इअरशॉटमध्ये आहेत’ याचे खरे मराठी ‘मुलांच्या कानावर पडेल, जपून बोला’ असे होईल.

‘स्टोन्स थ्रो’ जुना आहे. 1611 सालच्या इंग्रजी बायबलात, लूकच्या शुभवर्तमानात, येशू शिष्यांपासून ‘स्टोन्स कास्ट’ इतका दूर जाऊन प्रार्थना करतो, असे वर्णन आहे. थोडे दूर, पण नजरेच्या टप्प्यात. घरांच्या जाहिरातींनी हा दगड फारच लांब फेकायला सुरुवात केली आहे, म्हणून अंतर नेमके सांगायचे असेल तेव्हा सरळ चालत किती मिनिटे लागतात ते लिहावे, असे माझे मत आहे.

‘ॲज द क्रो फ्लाइज’ हा प्रयोग अनेकजण ‘जवळच’ या अर्थाने करतात, ते चूक आहे. त्याचा अर्थ सरळ रेषेतले अंतर एवढाच. मुंबईचे गेटवे आणि अलिबागजवळचे मांडवा कावळ्याला जवळ आहेत, परंतु रस्त्याने मोटारीतून जाणाऱ्याला मोठा वळसा घालावा लागतो.

धोका अगदी जवळून गेला असेल तर ‘क्लोज शेव्ह’ किंवा ‘बाय अ हेअर्स ब्रेड्थ’ म्हणतात. आपण ‘थोडक्यात बचावलो’ म्हणतो. येथे ‘केसाने’ हा शब्द सांभाळून वापरावा, कारण मराठीत केसाने गळा कापला जातो, आणि तो विश्वासघात असतो.

‘नियर’ आणि ‘क्लोज’ यांची अदलाबदल सर्वत्र चालत नाही. जिवलग मित्र ‘क्लोज फ्रेंड’ असतो, ‘नियर फ्रेंड’ नव्हे. नजीकचा काळ ‘नियर फ्यूचर’ असतो, ‘क्लोज फ्यूचर’ नव्हे. मला विशेष वाटते ते ‘नियर’चे मूळ: हा शब्द मुळात ‘नाय’ या जवळ अर्थाच्या शब्दाचे तुलनादर्शक रूप होता, म्हणजे ‘अधिक जवळ’, आणि ‘नेक्स्ट’ म्हणजे ‘सर्वांत जवळचा’. ‘नेबर’ या शब्दाचा पूर्वार्धही तोच, म्हणून शेजारी हा शब्दशः ‘जवळ राहणारा’ ठरतो.

काळाच्या बाबतीत आपल्याकडची इंग्रजी वृत्तपत्रे दरवर्षी ‘दिवाळी इज अराउंड द कॉर्नर’ असे लिहितात. त्याला ‘दिवाळी तोंडावर आली’ हे मराठी बरोबर बसते, तरी चित्र वेगळे आहे: इंग्रजीतली दिवाळी वळणापलीकडे असून अजून दिसत नाही, आपली मात्र अगदी समोर येऊन उभी असते.