पणजीच्या फोंतेन्हासमध्ये रंगीत घरं सोडून बघण्यासारखं काही आहे का? दोन तास पुरतील?

दोन तास पुरतात. गाडी खाडीपलीकडे पाटो भागात लावा, खाडीवरचा पूल चालत ओलांडा आणि सकाळी सातच्या आत पोचा. एवढंच विचारायचं असेल तर उत्तर इथे संपलं. पण 'रंगीत घरं सोडून काही आहे का' हे वाचलं आणि राहवेना, म्हणून लिहायला बसलोय, लांबेल.

आहे हो. खिडक्या आहेत. भिंतीच्या रंगापुढे उभं राहून सगळे फोटो काढतात, त्याच भिंतीतल्या खिडकीकडे क्वचित कोणी बघतं. जुन्या घरांच्या खिडक्या काचेच्या नाहीत, शिंपल्याच्या आहेत. लाकडी झडप, तिच्यात बारीक पट्ट्यांची जाळी आणि जाळीच्या प्रत्येक चौकोनात कापून बसवलेला शिंपला. चपट्या कालवाचा, इतका पातळ की उजेड आरपार येतो पण पलीकडचं माणूस दिसत नाही. पोर्तुगीज काळात काच बाहेरून यायची, महाग पडायची, आणि हे कालव इथल्याच खाडीत मिळायचं, झुआरी नदीच्या तोंडाशी चिखली गावाला अजून आहे. आता ते वन्यजीव कायद्याखाली येतं, त्यामुळे नवीन शिंपला आणून बसवता येत नाही. म्हणजे आज जी खिडकी शाबूत आहे तेवढीच आहे, एक फुटली की दुसऱ्या मोडलेल्या खिडकीतून शिंपले आणायचे, दुसरा मार्ग नाही.

हे मला माहीत आहे कारण माझे बाबा सुतार. मूळ सावंतवाडीकडचे, कामासाठी पणजीत आले आणि मळ्यात भाड्याच्या खोलीत आमचं बिऱ्हाड होतं. मळा म्हणजे फोंतेन्हासला लागूनच, मारुतीच्या देवळाखालचा भाग. मे महिन्याच्या सुट्टीत दादा आणि मी बाबांच्या हाताखाली. १९८६ चा मे, मी नववीची परीक्षा दिलेली, दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. फोंतेन्हासमधल्या सेंट सेबॅस्टियन चॅपलच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बायच्या घरी खिडकीचं काम निघालं. पाऊस यायच्या आत पुरं करायचं होतं, कारण पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि खाचेतला शिंपला हलतच नाही.

बाय खुर्ची घेऊन समोरच बसली. बाबांना म्हणाली, "मेस्ता, हांव मेजून दितां आनी मेजून घेतां." मेस्ता म्हणजे सुतार; मोजून देते, मोजून घेईन. एका झडपेत ७ च्या १२ ओळी, ८४ शिंपले. बाबांनी झडप बिजागरीतून काढली, जमिनीवर गोणपाट टाकून त्यावर आडवी ठेवली, वरच्या पट्टीच्या चुका उपसल्या आणि एकेक शिंपला खाचेतून वर सरकवून माझ्या हातात द्यायला लागले. माझं काम धुवायचं. रिठ्याचं पाणी, मऊ फडकं, आणि दाबायचं नाही, कारण शिंपल्याला पापुद्रे असतात, कडेचा एक सुटला की सगळा सोलवटत जातो. वर्षानुवर्षांची धूळ, चुलीचा धूर, कोळिष्टकं, पाणी चहासारखं झालं होतं. धुतलेला पहिला शिंपला मी आभाळाकडे धरून बघितला. सायीसारखा रंग, आत बारीक रेषा, आणि एका टोकाला उलट्या व्हीसारखी खूण. बाबा म्हणाले, ती कालवाची बिजागरी. जिवंत असताना ते तिथूनच उघडायचं मिटायचं. मला तेव्हा एवढं नवल वाटलं की खिडकीच्या बिजागरीवरच्या झडपेत कालवाची बिजागरी बसलीय, ते अजून जसंच्या तसं आठवतं.

तीन फुटले. माझ्याच हातून. मला वाटलं आता बाय बोलणार, बाबा कान धरणार. बाय उठून आत गेली आणि पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आली, आत पोर्तुगीज वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने शिंपले, तिच्या सासऱ्याने जमवून ठेवलेले. तीन मोजून दिले आणि डबा परत आत नेऊन ठेवला. संध्याकाळी झडप बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे घ्यायला गेलो तर खोलीत लाद्यांवर जो उजेड पडला होता तो मी नंतर कुठल्याच घरात बघितला नाही, डोळ्याला टोचत नाही, सावली कडक पडत नाही, आणि बाय त्यात बसून सुईत दोरा ओवत होती. चष्मा होता तिला, पण ओवत होती. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येईल.

म्हणूनच सातच्या आत जा म्हटलं. फोंतेन्हासच्या पश्चिमेला आल्तिन्हची टेकडी आहे, दुपार कलली की ऊन टेकडीमागे जातं. सकाळी मात्र ओरेमच्या खाडीकडून ऊन सरळ समोर येतं आणि शिंपले मोत्यासारखे दिसतात. तेव्हाच पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पों पों करत फिरत असतो, मागच्या टोपलीत प्लास्टिकखाली उंडे, पोयी, काकणं असे इथले पाव. थांबवून घ्या, गरम असते पोयी. चॅपलमध्ये जाल तर क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे बघा, उघडे आहेत आणि मान ताठ आहे. तो क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला, इन्क्विझिशन १८१२ ला बंद झालं, तो आधी पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात आणला आणि १९१८ मध्ये इथे. खाली बसणाऱ्या आरोपीला ते डोळे दिसत असतील असा विचार केला की अंगावर काटा येतो. पुढे मळ्यात टेकडीच्या पायथ्याशी झरा आहे, फोंतेन्हास म्हणजे छोटे झरे, त्याच्यावरूनच वस्तीला नाव पडलं. पणजीतलं पायऱ्यांचं मोठं चर्च (इमॅक्युलेट कन्सेप्शन) तुम्ही बघालच, त्याबद्दल मी सांगायची गरज नाही, फक्त एवढं की वरची मोठी घंटा तिथली नाही, जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची आहे, १८७१ साली इथे चढवली.

रंगाचं म्हणाल तर तेही पूर्वीचं वेगळं होतं. चुन्यात नीळ, पिवडी किंवा गेरू कालवून भिंतीला देत, पावसाळा संपला की दरवर्षी. पांढरा फक्त चर्च-चॅपलला, असं जुने लोक सांगायचे. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, चिरा पावसात पाणी पितो, चुना ते पाणी परत बाहेर सोडतो. आता प्लास्टिक इमल्शन मारतात, फोटोत झकास दिसतं, पण ओल आत अडकते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. गल्लीत चालताना जमिनीपासून कमरेपर्यंत फुगलेली भिंत दिसली की समजा काय झालंय.

आता दादाचं. दादाने बाबांचा धंदा घेतला आणि नव्वदच्या सुमारास अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगमध्ये उतरला. मी नोकरीत. दादाचं म्हणणं तेव्हाही हेच आणि आजही हेच, शिंपल्याने घरात अंधार होतो, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही, पावसात खिडकी बंद केली की गुदमरतं, चोराला एक बुक्की पुरते. आमच्या या विषयावर इतक्या वेळा तलवारी निघाल्यात की घरच्यांनी जेवताना हा विषय बंद करून टाकला. बाय गेली. वारस पोर्तुगालहून आले, घर भाड्याने द्यायचं ठरलं आणि खिडक्यांचं काम दादालाच मिळालं. त्याने दोन्ही झडपा काढून टेम्पोत टाकल्या, जळणाला. मला कळलं ते रात्री. मी जाऊन टेम्पोतून झडपा उतरवल्या आणि टॉर्च लावून रात्रभर शिंपले सोडवत बसलो. तेव्हा बघितलं, कोणीतरी झडपेला ऑईलपेंट मारताना आतून शिंपल्यांवरही ब्रश फिरवला होता. म्हणजे अंधार शिंपल्याने केला नव्हता! रंगाने केला होता. बाबांच्या हाताखाली मी केलेलं धुणं १९८६ ला झालं त्यानंतर त्यांना पाणी लागलं नव्हतं. दोन झडपांचे १६८, त्यातले धड निघाले १०२. दादाशी वर्षभर बोललो नाही.

त्यामुळे हे वाचणाऱ्यांत कोणाचं जुनं घर असेल, गोव्यात, वसईत, कुठेही, तर स्लायडिंगवाल्याला बोलवायच्या आधी एक झडप उतरवून धुऊन बघा. साबण सोडा नको, रिठा. ऑईलपेंट असेल तर खरवडू नका, पापुद्र्यांबरोबर सगळंच निघेल, जाणता माणूस शोधा. हवा हवी असेल तर वरच्या झरोक्याला कोणीतरी खिळे ठोकलेले असतात ते आधी काढा. आणि पावसाळ्यात खिडकीला बाहेरून आडोसा करा, आमच्या लहानपणी विणलेली चुडतां, म्हणजे माडाच्या झावळ्या, बांधायचे, आता पत्रा किंवा प्लास्टिक लावतात, काहीही चालेल पण पाण्याचा थेट मारा नको. याला स्लायडिंगच्या मानाने खर्च काहीच येत नाही, वेळ जातो. दादा म्हणतो वेळ म्हणजेच पैसा. मी म्हणतो खिडकी आजोबांच्या वयाची असेल तर तिला दोन दिवस द्यायला हरकत काय आहे.

हां, एक सांगायला पाहिजे. घरं पडीक का आहेत म्हणून मालकांना नावं ठेवू नका. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेल्या नियमानुसार सगळ्या मुलांना वाटा असतो, मुलगे-मुली सारखेच, ही चांगलीच गोष्ट आहे, पण तीन पिढ्यांत एका घराला वीस वारस होतात, निम्मे लिस्बनला, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय कौलही बदलायला कोणी पुढे येत नाही. त्यात जुने भाडेकरू १९६८ च्या भाडे कायद्याखालचे, भाडं इतकं कमी की त्यात एका झडपेची डागडुजी होत नाही. बायच्या वारसांनाही मी तेव्हा खूप बोललो, आज बोलणार नाही. आणि सगळ्याच खिडक्या वाचवण्यासारख्या असतात असंही नाही, चौकट वाळवीने खाल्ली असेल तर इलाज नसतो, हे दादाचं मला मान्य आहे.

फोटोचं म्हणाल तर काढा, पण पायरीवर चढून नको आणि खिडकीला हात लावून तर अजिबात नको. बऱ्याच घरांबाहेर फोटो काढू नका अशा पाट्या आहेत त्या उगाच लागलेल्या नाहीत, आत माणूस झोपलेलं असतं, आजारी असतं, आणि बाहेर प्री-वेडिंगवाले सकाळपासून ड्रेस बदलून बदलून त्याच दारात. मी एकाला शिंपल्यावर नखाने टकटक करून 'हे प्लास्टिक आहे का' असं विचारताना बघितलंय, माझा जीव वर आला.

ते १०२ शिंपले मी बायच्याच डब्यात ठेवले होते, डबाही टेम्पोतच सापडला होता. गेल्या दिवाळीनंतर त्याच भागातल्या एका घराला १९ शिंपले कमी पडत होते, त्यांनी कुठून तरी माझं नाव ऐकलं आणि फोन केला. शिंपले माझ्याकडे, पण खाचेत बसवायचा हात माझ्याकडे नाही, तो दादाकडे. मी फोन केला. आला. आल्यावर काही बोलला नाही, आधी बादली मागितली आणि रिठे आहेत का विचारलं. दोघांनी मिळून धुतले, त्याने बसवले, एकही फुटला नाही. त्या घरमालकांची परवानगी नाही म्हणून घर सांगत नाही, पण फिरताना एखाद्या झडपेत खालच्या ओळी वरच्यांपेक्षा जरा पिवळसर दिसल्या तर त्या आमच्या असू शकतात.

झडप बसवून झाल्यावर दादा आत जाऊन खोलीत उभा राहिला आणि म्हणाला, उजेड कमीच पडतो. संध्याकाळचे पाच वाजले होते, ऊन टेकडीमागे गेलेलं. मी म्हटलं सकाळी सातला ये आणि मग सांग. अजून आलेला नाही.